गाठ वाढवणारी प्रथिने

कर्करोगाची गाठ केवळ पेशींच्या बेलगाम विभाजनाने वाढत नाही. तिच्यातील पेशी सतत काही प्रथिने बाहेर सोडतात आणि आसपासच्या निरोगी पेशींनाही आपल्या कामाला जुंपतात. प्रथिने स्रवणे हे मुळात निरोगी पेशींचेच काम आहे. जखम भरण्यासाठी ती लागतात. जखम भरली की स्राव ओसरतो. कर्कपेशींचा स्राव मात्र चालूच राहतो.

जालना जिल्ह्यातच नव्हे, तर साऱ्या मराठवाड्यात ओळखीचा असलेला तोंडाचा कर्करोग याचे उदाहरण आहे. तंबाखू, गुटखा आणि सुपारी ही त्याची मुख्य कारणे. सुपारीतील अरेकोलिनमुळे गालाच्या आतील पेशींत टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा जोर वाढतो. त्यामुळे कोलॅजनचे तंतू साचतात. गाल आतून पांढरट व कडक होतो, तिखट घासाने आग होते, आणि एरवी तीन बोटे उभी मावणाऱ्या तोंडात एक बोटही जाईनासे होते. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे. प्रत्येकाला पुढे कर्करोग होतोच असे नाही, पण धोका बराच वाढतो.

टीजीएफ-बीटाची भूमिका दुहेरी आहे. सुरुवातीला ते पेशींची वाढ रोखते. पेशी कर्कग्रस्त होऊन त्याला जुमानेनाशा झाल्या, की तेच प्रथिन प्रतिकारक पेशींना थोपवते आणि गाठीला मोकळे रान मिळते.

पुढचा टप्पा पसरण्याचा. गालाच्या अस्तराखाली पातळ आधारपटल असते. मेटॅलोप्रोटीनेज गटातील विकरे ते कुरतडतात आणि कर्कपेशी खोलवर शिरतात. गाठीला रक्तही हवे असते. त्याशिवाय ती एक-दोन मिलिमीटरपलीकडे फारशी वाढत नाही. गाठ नव्या रक्तवाहिन्या स्वतःच घडवून आणते, असे अमेरिकी शल्यविशारद जुडा फोकमन यांनी १९७१मध्ये मांडले. व्हीईजीएफ हे त्यामागचे प्रमुख प्रथिन ठरले. ते अडवणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २००४मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. याच कुळातील व्हीईजीएफ-सी लसिकावाहिन्या वाढवते. तोंडाचा कर्करोग मानेतील लसिकाग्रंथींत उतरतो तो याच वाहिन्यांतून.

काही स्रावांचा परिणाम दूरवर होतो. पीटीएचआरपी हे प्रथिन हाडांतील कॅल्शियम रक्तात आणते. मग रुग्णाला तहान, मळमळ आणि ग्लानी जाणवते.

रक्तात उतरणारी अशी काही प्रथिने तपासणीच्या कामी येतात. पुरःस्थ ग्रंथीसाठी पीएसए, यकृतासाठी एएफपी, बीजांडकोशासाठी सीए-१२५ मोजतात. मात्र पुरःस्थ ग्रंथी वयाने साधी वाढली तरी पीएसए वाढते, म्हणून एका आकड्यावर निदान होत नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी तर अशी भरवशाची रक्ततपासणी रूढ नाही. तिथे तोंडाची तपासणी आणि तुकडा काढून केलेली बायोप्सी हाच आधार आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. जालन्याच्या रुग्णांना त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळ आहे.