स्कूटरचे इंजिन : ताकद आणि ताप

लॅम्ब्रेटा स्कूटर आपल्यापैकी जुन्या मंडळींनी पाहिली असेल, कित्येकांनी चालवलीही असेल. इटलीतल्या मिलान शहरी ती 1947 साली निघाली. पुढे आपल्या मुंबईत तिची जुळणी होऊ लागली आणि नंतर लखनौच्या सरकारी कारखान्यातही ती तयार होई. आज ते जुने नमुने कोणी बनवीत नाही. उरल्यासुरल्या गाड्या हौशी लोक जपतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना वाटते की इंजिनाचा जोर वाढवावा. तो कसा वाढवतात, ते आज पाहू या.

सर्वसाधारण समज असा, की ब्लॉक मोठा बसवला की जोर वाढला. यात तथ्य आहे. लॅम्ब्रेटाच्या दीडशेच्या इंजिनात ब्लॉकचा व्यास 57 मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव 58 मिलिमीटर. दोनशेच्या इंजिनात धाव तीच, व्यास मात्र 66. शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात जरूर घालावे : एकाचे आकारमान 148 घन सेंटिमीटर भरते, दुसऱ्याचे 198. व्यास 9 मिलिमीटरच वाढला, आकारमान मात्र एक-तृतीयांशाने वाढले. हा वर्गाचा प्रताप!

पण खरी गंमत इंजिनाच्या श्वासोच्छ्वासात आहे. या दोन-धावी इंजिनाला झडपा नाहीत. ब्लॉकच्या भिंतीला खिडक्या असतात, आणि वर-खाली जाणारा दट्ट्याच त्या उघडतो नि झाकतो. जळका धूर बाहेर पडत असतानाच खालून ताजे मिश्रण आत शिरते, आणि त्यातले थोडे धुराबरोबर निसटते. धुराची खिडकी कानशीने वर वाढवली, तर ती लवकर उघडते. भरधाव वेगात त्याचा फायदा होतो. पण हळू चालताना, मागे माणूस बसवून घाट चढताना, गाडी मरगळते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीची खिडकी फार कोरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निसटलेले मिश्रण परत आणायची युक्ती आहे धुराच्या नळीत. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो ना, तसेच हे. धुराचा धक्का नळीतून जातो. नळी जिथे रुंद होत जाते, तिथून ओढ परत येते. जिथे पुन्हा निमुळती होते, तिथून दाब परत येतो आणि निसटलेले मिश्रण आत ढकलतो. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातले वॉल्टर काडेन यांनी ही विद्या शर्यतीच्या गाड्यांसाठी पूर्णत्वास नेली. 1961 साली त्यांचे 125 घन सेंटिमीटरचे इंजिन 25 अश्वशक्ती देत होते. आपली दीडशेची लॅम्ब्रेटा देई सुमारे साडेसहा! मात्र ही नळी ठराविक वेगातच साथ देते, कारण प्रतिध्वनीला लागणारा वेळ नळीच्या लांबीवर ठरतो.

आता तापाचे बोलू. जास्त जोर म्हणजे जास्त उष्णता. मोठा ब्लॉक नि नवी नळी बसवली, पण कार्बोरेटरचा मेन जेट जुनाच ठेवला, तर हवा जास्त नि पेट्रोल कमी पडते. दट्ट्या फुगतो आणि ब्लॉकमध्ये जाम होतो. भर वेगात हे झाले तर मागचे चाक जागीच अडकते नि माणूस पडतो. अशा गाडीवर डाव्या हाताची बोटे क्लचवर तयार हवीत. इंजिन गुदमरल्यासारखे वाटले की तत्क्षणी क्लच दाबावा. तेल जास्त घातले की धोका टळतो, हा समज अपुरा आहे. तेल वाढले की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल उलट कमी होते! शिवाय आता पंपावर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. त्यात प्राणवायू असल्याने मिश्रण आणखी विरळ होते, आणि जुने रबरी सील खराब होतात ते निराळेच.

म्हणून आधी मोठा जेट घालावा आणि मग एकेक पायरी उतरत यावे. दरवेळी गाडी थोडा वेळ जोरात पळवून, इंजिन लगेच बंद करून प्लग काढून पाहावा. टोक दुधाच्या कॉफीसारखे तपकिरी असेल तर ठीक. पांढरे दिसले तर जेट मोठा करावा. काळे नि ओले असेल तर लहान. पंख्याभोवतीचे पत्रे काढून गाडी चालवू नये, ब्लॉकवर वारा तेच वळवतात. आणि हो, ब्रेक जुनेच असतात, हे विसरू नका बरं का. नवे इंजिन बसवण्याआधी ब्रेकचे लायनर बदलून घ्यावेत.