कच्चा नमुना, पक्के प्रदर्शन

विज्ञान केंद्रातल्या एखाद्या यंत्राशेजारी अर्धा तास नुसते उभे राहून पाहावे. मुले धावत येतात, दांडा गरागरा फिरवतात आणि यंत्राने काय केले ते पाहण्याआधीच पुढच्या यंत्राकडे पळतात. पालक पाटी मोठ्याने वाचू लागतात, तोवर मूल दिसेनासे झालेले असते. हाताला काम मिळाले. डोक्याला मिळाले का? ‘परस्परसंवादी’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण संवाद कुणाचा कुणाशी व्हायचा, हे ठरवणे हीच रचनाकाराची कसोटी असते, आणि ती कागदावर पार पडत नाही.

हे ज्याने सर्वांत आधी ओळखले अशांपैकी एक म्हणजे फ्रँक ओपनहायमर. रॉबर्ट ओपनहायमर यांचा हा धाकटा भाऊ स्वतःही भौतिकशास्त्रज्ञ होता. साम्यवादी पक्षाच्या जुन्या सदस्यत्वावरून १९४९ मध्ये त्याची विद्यापीठातली नोकरी गेली. पुढची काही वर्षे त्याने कोलोरॅडोत गुरे पाळली, मग गावच्या शाळेत विज्ञान शिकवले. नंतर कोलोरॅडो विद्यापीठात त्याने ‘प्रयोगांचे ग्रंथालय’ उभारले. तिथे प्रयोग कायमचे मांडून ठेवलेले असत. विद्यार्थ्याने सवडीने यावे आणि करून पाहावे. याच कल्पनेतून १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ सुरू झाले. तिथली कार्यशाळा प्रेक्षकांना दिसेल अशी उघडी ठेवलेली होती. अर्धवट जमलेली मांडणी लोकांपुढे ठेवायची, लोक काय करतात ते पाहायचे आणि ती पुन्हा करवतीखाली न्यायची, हा तिथला शिरस्ता झाला.

तिथला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. एक अवजड लोलक टांगलेला असतो. जवळच दोरीला बांधलेले छोटे, कमकुवत चुंबक. ते लोलकाला चिकटवायचे आणि दोरी ओढून लोलक हलवायचा. जोर लावला की चुंबक सुटून येते. हळूच ओढले, सैल सोडले, लोलक जवळ येऊ लागला की पुन्हा हळूच ओढले, असे त्याच्या लयीत करत राहिले की काही वेळाने ते धूड डुलू लागते. झोपाळ्याला झोका देणाऱ्याला हे अंगवळणी असते. भौतिकीत याला अनुनाद म्हणतात. खरी खुबी चुंबकाच्या दुबळेपणात आहे. ते बळकट असते तर दांडगाईनेही लोलक हलला असता आणि लय शोधण्याचे कारणच उरले नसते. ‘जोर लावू नका’ अशी पाटी लावावी लागत नाही. चूक कुठे झाली, ते यंत्रच सांगते.

अशी मांडणी सहज जमत नाही. याच संस्थेतल्या स्यू ॲलन आणि जॉश गटविल यांनी २००४ मध्ये परस्परसंवादी मांडणीतले पाच नेहमीचे दोष नोंदवले. सारख्याच ठळक अशा अनेक कळा ठेवल्या की पाहणारा गोंधळतो. अनेकजण एकाच वेळी हाताळू लागले की एक दुसऱ्याचा प्रयोग मोडतो. कधी एकट्याच्या हाताळणीनेही मूळ घटना विस्कटते. कधी ती घटना इतक्या सोयींच्या गर्दीत असते की सापडतच नाही, तर कधी दुय्यम गंमत मुख्य गोष्टीला झाकून टाकते. सुरुवातीच्या दांड्याचा दोष यातला शेवटचा. फिरवण्याची मजाच एवढी, की फिरवल्याने काय झाले ते पाहायला कुणी थांबत नाही.

हे दोष लवकर पकडण्यासाठी अलीकडे ‘डिझाइन स्प्रिंट’ ही पद्धत वापरली जाते. स्प्रिंट म्हणजे थोड्या अंतराची वेगवान धाव. गूगलमध्ये काम करताना जेक नॅप यांनी ती घडवली. त्यावरचे पुस्तक २०१६ मध्ये आले. सोमवारी प्रश्नाचा नकाशा, मंगळवारी प्रत्येकाचे स्वतंत्र रेखाटन, बुधवारी निवड, गुरुवारी कच्चा नमुना आणि शुक्रवारी पाच खऱ्या वापरणाऱ्यांपुढे चाचणी, असा तिचा क्रम. फ्रान्समध्ये २०११ पासून ‘म्युझिओमिक्स’ या उपक्रमात कारागीर, संगणकवाले, कलावंत आणि संग्रहालयाचे जाणकार तीन दिवस एकत्र येतात आणि शेवटी आपले नमुने प्रेक्षकांच्या हाती देतात.

यातली दोन तत्त्वे मला मोलाची वाटतात. पहिले, आधी मुकाट्याने रेखाटायचे, बोलायचे नंतर. त्यामुळे बैठकीतल्या मोठ्या आवाजाखाली सुताराची कल्पना दबत नाही. दुसरे, नमुना पुठ्ठ्याचा आणि चिकटपट्टीचा. जे बनवायला एकच दिवस लागला, ते मोडायला जीव कचरत नाही.

पण या धावेला मर्यादाही आहेत. शुक्रवारचे पाच पाहुणे मांडणी कुठे अडते ते दाखवतील. हजार हातांखाली तिचा स्क्रू कधी ढिला होईल ते सांगू शकणार नाहीत. आणि सोमवारचा प्रश्नच चुकीचा असेल तर आठवडा वाया. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये गुरुत्वाकर्षणावरच्या मांडणीआधी संशोधकांनी प्रेक्षकांशी बोलून पाहिले. हवा नसेल तर गुरुत्वही नसते, असा अनेकांचा समज निघाला. मग या समजाला थेट भिडणारे प्रयोग रचले गेले. तज्ज्ञांना हा प्रश्न टेबलापाशी बसून सुचला नसता. म्हणून धावण्याआधी ऐकणे आणि धावल्यानंतर महिनोन्‌महिने पाहत राहणे, ही दोन्ही कामे स्प्रिंटच्या बाहेरची, पण तिच्याइतकीच गरजेची.

आपल्याकडे या वाटेची सामग्री आहे. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून उभे आहे. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काड्या, रबरी नळ्या आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञान खेळते केले. स्वस्त साहित्याचा मोठा गुण म्हणजे ते चुकू देते. उलट, आराखडा आणि निविदा आधीच पक्क्या झाल्या की चूक दिसूनही दुरुस्त करता येत नाही, आणि काही काळाने यंत्रावर ‘बंद आहे’ अशी पाटी चढते.

शालेय विज्ञान प्रदर्शनात तर उलटीच तऱ्हा. मूल प्रतिकृतीशेजारी उभे राहून पाठ केलेली माहिती म्हणते, पाहुणा ऐकतो. हात दोघांचेही मोकळे. तिथे एवढाच बदल करून पाहता येईल: प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी पुठ्ठ्याचा नमुना मांडावा, शेजारच्या वर्गातली पाच मुले बोलवावीत आणि ज्याने तो बनवला त्याने तोंडातून अक्षर न काढता, वही घेऊन मागे उभे राहावे. मुले कुठे थांबली, कुठे पळाली, काय बोलली, ते लिहावे. त्या वहीतून जे प्रदर्शन तयार होईल, ते समजावून सांगायला शेजारी कुणी उभे राहावे लागणार नाही.