एकस्व : सक्तीचा परवाना

एकस्वधारकाच्या म्हणजेच पेटंटधारकाच्या संमतीशिवाय त्याचा शोध वापरण्यास त्रयस्थास मिळणारी वैधानिक अनुज्ञा. भारतीय एकस्व अधिनियम, १९७० च्या ८४ व्या कलमानुसार एकस्व दिल्यापासून तीन वर्षांनंतर, जनतेच्या वाजवी गरजा भागत नसल्यास, वस्तू वाजवी किमतीस मिळत नसल्यास अथवा शोधाचा भारतात वापर होत नसल्यास हा परवाना मागता येतो. मार्च २०१२ मध्ये मुंबई येथे एकस्व नियंत्रकाने बायर कंपनीच्या सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीस असा पहिला परवाना दिला. महिन्याच्या औषधास बायर सु. २,८०,००० रु. घेई, नॅटकोस ८,८०० रु. ही मर्यादा घालण्यात आली. अशा परवान्याने एकस्व रद्द होत नाही. धारकास स्वामित्वशुल्क द्यावे लागते. या प्रकरणी ते विक्रीच्या ६ टक्के ठरले. २०१३ मध्ये अपील मंडळाने ते ७ टक्के केले.