लिनक्स लॅपटॉपवर वायफाय रुसलं तर…

दिल्लीत नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रदूषणामुळे ग्रॅपचा चौथा टप्पा लागू झाला आणि दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबादमध्ये मुलांचे वर्ग ऑनलाइन भरू लागले. अशा वेळी घरातला जुना लॅपटॉपही कामाला येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, तेव्हा अशा लॅपटॉपवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. पण ऐन वर्गाच्या वेळी वायफायच लागलं नाही तर? लगेच दुकान गाठू नका. पुढील गोष्टी क्रमाने तपासा.

दोष कुणाचा?

मोबाइल डेटा बंद करून फोन त्याच वायफायला जोडा. फोनवरही काही उघडत नसेल तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा. तरीही चाललं नाही तर इंटरनेट कंपनीला कळवा. फोनवर सगळं नीट चालत असेल तर दोष लॅपटॉपमध्ये आहे.

बटण बंद तर नाही ना?

चुकून एअरप्लेन मोड सुरू झालेला असू शकतो. काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचं छोटं बटणही असतं. टर्मिनल उघडून इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘आरएफकिल लिस्ट’ टाइप करा. ‘हार्ड ब्लॉक्ड’समोर ‘येस’ दिसलं तर बटण बंद आहे. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’समोर ‘येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ ही आज्ञा द्या.

लॅपटॉपवर विंडोजही असेल तर त्यातलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. त्यामुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कधीकधी वायफाय कार्ड अडकून राहतं.

वायफायचा पर्यायच दिसत नाही

अशा वेळी बहुधा ड्रायव्हर नसतो. ब्रॉडकॉमच्या आणि रिअलटेकच्या काही चिपच्या बाबतीत हे घडतं. ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर, असा पेच पडतो. तो तुमचा फोन सोडवतो. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टिथरिंग’ सुरू करा. लिनक्स त्याला तारेचं नेटवर्क समजतं. मुलाचा वर्गही तेवढ्यापुरता यावर चालतो.

मग उबुंटूत ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट सुरू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवावा लागतो. रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तोच विचारला जातो, म्हणून लिहून ठेवा.

जोडलं जातं, पण टिकत नाही

आधी ते नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका. लॅपटॉपची तारीख आणि वेळही पाहा. जुन्या लॅपटॉपमधला छोटा सेल संपला की घड्याळ मागे पडतं आणि वायफाय लागूनही वेबसाइट उघडत नाहीत.

वारंवार तुटत असेल तर वीजबचतीची सोय कारण असू शकते. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंग फाइलमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’समोर ३ असेल तर तिथे २ लिहा आणि रीस्टार्ट करा.

उंच सोसायट्यांमध्ये शेजाऱ्यांच्या वायफायचीही गर्दी असते. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शक्य असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. मात्र ते काँक्रीटच्या भिंतीपलीकडे कमी पोहोचतं, म्हणून राउटरच्याच खोलीत बसा.

डोंगल घेताना

कार्डच खराब झालं असेल तर यूएसबी डोंगल हा सोपा पर्याय आहे. नेहरू प्लेसला जाताना लॅपटॉप सोबत न्या आणि डोंगल लावून पाहूनच पैसे द्या. खोक्यावरच्या कंपनीच्या नावापेक्षा आतली चिप महत्त्वाची. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू सारख्या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो.

आणि अजून लिनक्स टाकलं नसेल, तर आधी ते पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा. तिथे वायफाय लागलं तर निर्धास्तपणे पुढे जा.