घर आपलं, खालची जमीन कुणाची?

आज घराबद्दल बोलायचं आहे. घर बांधण्याबद्दल नाही, घराच्या कागदाबद्दल. चहा चुलीवर असेल तर उतरवून घ्या, कारण यात दोन-तीन उतारे आहेत आणि ते एकमेकींत गुंतलेले आहेत.

चिंचणीजवळच्या एका पाड्यावर आमचा एक गट आहे. मागच्या वर्षी मासिक बैठकीत हप्ते मोजून झाले, वही बंद केली, तरी एक ताई उठेनात. घरकुलाच्या ड यादीत त्यांचं नाव आलं होतं. नाव आलं म्हणून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या मात्र गप्प. मग पदराच्या गाठीतून त्यांनी घडी केलेला कागद काढला. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा होता. घर त्यांच्या मयत नवऱ्याच्या नावावर होतं. घरपट्टी दर वर्षी भरलेली, पावत्या जपलेल्या. पण कागदपत्रं द्यायला गेल्या तेव्हा त्यांना सांगितलं, "हा उतारा घराचा झाला. जागेचा उतारा आणा." जागेचा सातबारा वाडीच्या मालकाच्या नावावर होता. ताईंचे सासरे त्या वाडीत मजुरीला होते, तेव्हापासून कुडाचं घर तिथेच. आता वाडी विकायला निघाली आहे.

आमच्यातल्या कित्येकींना वाटतं की नमुना ८ म्हणजे घराची मालकी. तसं नाही. नमुना ८ ही घरपट्टी कुणाकडून वसूल करायची त्याची नोंद आहे. घर कुणाच्या ताब्यात आहे हे त्यावरून कळतं आणि म्हणून तो कागद फार मोलाचा आहे, फेकू नका. पण जमीन कुणाची हे सातबारा सांगतो, आणि गावठाणात असाल तर मिळकत पत्रिका सांगते. गावठाणाची हद्द इंग्रजांच्या काळात मोजली. तेव्हा जी घरं होती ती आत पडली. नंतर माणसं वाढली, घरं वाढली, गावठाण बहुतेक गावांत तेवढंच राहिलं. शेतमजुरांचे पाडे तर आधीपासूनच मालकाच्या वाडीत, गुरचरणीवर किंवा जंगलाच्या कडेला. २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोननं गावठाण मोजायचं आणि घरमालकांना मिळकत पत्रिका द्यायची. चांगलं काम आहे. पण ड्रोन गावठाणावर फिरला, पाड्यावरच्या बाईला त्याचा आवाज तेवढा मिळाला.

हे दुखणं आपल्या भागात नवीन नाही. डहाणू, तलासरी, उंबरगावकडच्या वारल्यांनी १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळं आहे. गटाच्या वाचनालयात ते असायलाच हवं. त्या काळी जमीन सावकाराची, झाड सावकाराचं आणि झोपडीखालचा तुकडाही सावकाराचा. कामाला नाही म्हटलं तर झोपडी उठवायची, एवढी सोपी धमकी होती. माणूस मजुरीवाचून चार दिवस काढतो, पण पावसाळ्यात छपराशिवाय लेकरं घेऊन कुठे जाणार? म्हणून घराखालच्या जमिनीचा प्रश्न हा आपल्याकडे कायम मजुरीचा आणि मानाचाही प्रश्न राहिला आहे.

त्यानंतर १९४८ चा कूळ कायदा आला. हा कायदा आपण शेतजमिनीसाठी ओळखतो, 'कसेल त्याची जमीन' म्हणून. पण त्यात घराचीही कलमं आहेत, आणि ती फार कमी जणींना माहीत असतात. मालकाच्या जागेवर कुळानं किंवा त्याच्या वाडवडिलांनी स्वतःच्या खर्चानं घर बांधलं असेल तर त्याला त्या घरातून काढता येत नाही, हे कलम १६ मध्ये आहे. ती जागा विकायची झाली तर विकत घेण्याचा पहिला हक्क त्या कुळाचा, हे कलम १७ मध्ये. पुढे त्यात १७ ब जोडलं गेलं आणि घराखालची जागा कुळानं खरेदी केली असं मानण्याची तरतूद झाली. आणि कलम १८ प्रमाणे हे संरक्षण शेतमजूर आणि कारागीर यांच्या घरांनाही लागू आहे. म्हणजे ताईंचे सासरे कूळ नव्हते, नुसते मजूर होते, तरी दार बंद नाही. पालघर-ठाण्यात श्रमजीवी संघटनेनं हाच १७ ब चा मुद्दा धरून राहत्या घराखालच्या जागेसाठी लढे दिले, मोर्चे काढले. कायदा होऊन किती वर्षं झाली बघा, आणि तरी त्याच्यासाठी रस्त्यावर उतरावं लागतं.

इथे एक समजून घ्या. बोईसरला एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आपल्या मुलींनी चाळीत खोली भाड्यानं घेतली, तर त्या खोलीला हे कलम लागत नाही. घर आपल्या खर्चानं उभं केलेलं असणं हा त्याचा कणा आहे. म्हणूनच पावती, वीजबिल, जुनं रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, असा प्रत्येक कागद साक्षीदार होतो.

आता सरकारी जागेवर ज्यांची घरं आहेत त्यांचं. इथे राजकारण तारखेत लपलेलं असतं. मुंबईचं उदाहरण घ्या. झोपडी अमुक तारखेआधीची असेल तर पात्र, नंतरची असेल तर अपात्र. आधी तारीख होती १ जानेवारी १९९५. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत २००० ची तारीख करू असं आश्वासन दिलं गेलं. निवडणूक झाली, आणि त्याच हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. २००० ची तारीख कायद्यात यायला २०१४ उजाडलं, तेही पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर. त्यानंतर २००० ते २०११ मधल्यांना पैसे भरून घर, असा निर्णय झाला. ग्रामीण भागासाठी १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयात १ जानेवारी २०११ पर्यंतची शासकीय जागेवरची राहती अतिक्रमणं नियमानुकूल करायचं ठरलं. मात्र गायरानाचा प्रश्न वेगळा आहे. २०११ सालीच सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवा असं सांगितलं होतं, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा विषय आल्यावर राज्यभर लोकांना नोटिसा गेल्या. मग मोर्चे निघाले, अधिवेशनात आवाज उठला, कुणाला बेघर करणार नाही असं सरकार म्हणालं. एका हातात घरकुलाचं पत्र आणि दुसऱ्या हातात घर काढा अशी नोटीस, अशी बाई महाराष्ट्रात कल्पनेतली नाही.

वनजमिनीच्या कडेला राहणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२० मध्ये तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी अधिसूचना काढली. अनुसूचित क्षेत्रातल्या पात्र कुटुंबांना लगतच्या वनक्षेत्रात घर बांधता यावं म्हणून वनहक्क कायद्यात बदल केला. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे हे आपल्याला लागू होतं. ग्रामसभेत हा विषय काढा. आपण काढला नाही तर दुसरं कुणी काढणार नाही.

घरकुल योजनेचं थोडक्यात सांगतो, कारण आकडे बहुतेकींना पाठ आहेत. इंदिरा आवास १९८५-८६ पासून होती, तिच्या जागी २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. २०२५ मध्ये राज्यानं आणखी ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर ऊर्जेसाठी. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत, असंही वाळू धोरणात आहे. वाळू कागदावर फुकट असते, पण ती घरापर्यंत आणायचं टेम्पोचं भाडं कोण देणार, हे धोरणात आम्हाला सापडलं नाही. आदिवासींसाठी शबरी, अनुसूचित जातींसाठी रमाई, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ ची मोदी आवास. कातकरी बहिणींसाठी पीएम जनमनमध्ये घराला २ लाख आहेत.

पैशापेक्षा यादी जास्त महत्त्वाची. प्रधानमंत्री आवासची पहिली यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणावरून झाली. त्यात राहिलेल्यांचं २०१८ मध्ये पुन्हा सर्वेक्षण झालं, तीच आपली ड यादी. कोण बाद, याचे जे निकष होते त्यात दुचाकी होती, फ्रिज होता आणि यांत्रिक होडीसुद्धा. वरोर, वाढवण, तारापूरकडच्या आपल्या मच्छीमार बहिणींना विचारा. कर्ज काढून इंजिन बसवलेली होडी, तिचे हप्ते चालू, घराचा पत्रा गळतोय, आणि यादीत शेरा काय तर होडी आहे म्हणून अपात्र. जणू कोळ्याची होडी ही चैनीची वस्तू. २०२४ मध्ये हे निकष बदलले. दुचाकी, होडी, फ्रिज काढून टाकले आणि महिन्याच्या मिळकतीची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार केली. तेव्हा पूर्वी होडीमुळे बाद झालेल्या बहिणींनी 'आपलं होत नाही' म्हणून घरी बसू नये, नव्या सर्वेक्षणात आपलं नाव आहे का ते ग्रामपंचायतीत बघावं. पेसा कायद्यानं लाभार्थी ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. आणि ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. ती फक्त सह्यांच्या वहीत होत असेल, तर तिथूनच भांडण सुरू करायचं.

आता नवऱ्याचं नाव आणि आपलं नाव. घरकुल मंजूर होताना ते पती-पत्नी दोघांच्या नावे किंवा बाईच्या नावे व्हावं असा नियम आहे. पण मंजुरीच्या पत्रावर नाव आलं म्हणजे नमुना ८ वर आलं असं नाही. त्यासाठी २० नोव्हेंबर २००३ चा ग्रामविकास विभागाचा 'घर दोघांचे' हा आदेश आहे. घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करायची. शेताच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यासाठी १९९२ ची लक्ष्मीमुक्ती वेगळी. शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या काळात ती मोहीम चालवली आणि मग सरकारी आदेश निघाला. आमचा अनुभव असा की नवरे याला फारसा विरोध करत नाहीत. कुणी मागितलंच नव्हतं, एवढंच कारण असतं. आमच्या या ताईंच्या नवऱ्यानं जिवंतपणी एक अर्ज दिला असता तर आज त्यांना वारस नोंदीसाठी वेगळ्या खेपा घालाव्या लागल्या नसत्या.

कागदाची घाई आम्ही का करतोय तेही सांगतो. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. ७६ हजार कोटींचं काम. मच्छीमार संघटनांचा विरोध वर्षानुवर्षं चालू आहे, त्यावर वेगळं बोलू. पण बंदर होणार म्हटल्यावर जमिनीचे दलाल आधी पोचतात. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पुनर्वसनासाठी त्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. ज्यांच्याकडे कागद होते त्यांनाही सोपं गेलं नाही. कागदच नसलेल्यांचं काय, याचा विचार त्या गावांकडे बघून करा.

जागा नाही त्यांच्यासाठी दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंत, पूर्वी ५० हजार, आता १ लाख रुपये. आमच्या भागात एवढ्यात अर्धा गुंठासुद्धा मिळणं कठीण. ताईंना एका कार्यालयात हाच सल्ला मिळाला, "दुसरीकडे जागा घ्या आणि विषय संपवा." त्यांनी विचारलं, "मग हे घर कुणाला देऊ?" त्यावर पलीकडून काही उत्तर आलं नाही.

आम्ही मग असं केलं. आधी ग्रामपंचायतीत वारस नोंदीचा अर्ज. मग पावत्यांचा गठ्ठा वर्षांप्रमाणे लावला. सर्वात जुनी पावती पीठाच्या डब्याखाली सापडली, कोपरा उंदरानं खाल्लेला, पण वर्ष आणि नाव शाबूत. पाड्यावरच्या तीन म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेतले. हे सगळं जोडून कलम १७ ब आणि १८ खाली तहसीलदारांकडे अर्ज दिला. प्रत्येक अर्जाची पोच घेतली, शिक्का आणि तारखेसह. तोंडी "बघतो" याला पोच म्हणत नाहीत, हे गटात आता पोरीसोरीसुद्धा सांगतात. घरकुलाच्या यादीतून नाव वगळू नये म्हणून जागेचं प्रकरण चालू असल्याचं पत्र पंचायत समितीत वेगळं दिलं. ते फार जरुरीचं होतं, कारण जागा नाही असा शेरा पडला की नाव खालच्या माणसाकडे सरकतं.

दोन तारखा झाल्या आहेत. पहिल्या तारखेला वाडीचे मालक आलेच नाहीत. दुसऱ्या वेळी त्यांचे वकील आले आणि म्हणाले, हे लोक आमच्या परवानगीनं राहत होते. ताईंनी उंदरानं कुरतडलेली पावती पुढे ठेवली. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. तोवर कुडाला शेणमातीचा नवा हात द्यायला परवा आम्ही आठजणी गेलो होतो.