चुकीला वेळीच वाचा फुटावी म्हणून

सतरा सप्टेंबर म्हटले की आम्हां परभणीकरांना मराठवाडा मुक्तिदिन आठवतो. १९४८ साली याच दिवशी निजामी राजवट संपली. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटना हाच दिवस ‘रुग्णसुरक्षा दिन’ म्हणून पाळते. योगायोगच तो! पण दबून राहिलेल्या माणसाला बोलते करणे हे दोन्हींचे मर्म आहे, असे मला वाटते.

रुग्णसुरक्षा म्हणजे आजाराने नव्हे, तर उपचारातल्या चुकीने होणारी इजा टाळणे. औषध योग्य, पण रोगी भलताच. रोगी तोच, पण मात्रा दसपट. १९९९ साली एका अमेरिकन अहवालाने अशा चुकांनी त्या देशात दरसाल ४४ ते ९८ हजार रोगी दगावत असल्याचा अंदाज मांडला. दोष एकट्यादुकट्या माणसाचा नसून कामाच्या घडीचा असतो, हे त्याचे मुख्य सांगणे होते.

मग ही घडी बसवावयाची कोणी? डॉक्टर औषध लिहितो, औषधनिर्माता ते देतो, परिचारिका पाजते. साखळी एकच, पण प्रत्येक कडी वेगळ्या शाळेत घडते. जुन्या व्हिएन्नातही एकाच रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात शंभरांतल्या दहाएक बाळंतिणी दगावत, दुसऱ्यात तीन-चार. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतीला लागतात, हे कारण १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी ओळखले आणि हात धुवावयास लावले.

म्हणूनच आरोग्य संघटनेने २०११ साली रुग्णसुरक्षेचा जो पाठ्यक्रम काढला, तो वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, प्रसूतिविद्या आणि औषधनिर्माण या सर्वांसाठी मिळून काढला. शस्त्रक्रियेच्या वेळी वाचावयाची १९ कलमी यादी याच विचारातली. ती तयार करणाऱ्यांचे अग्रणी डॉ. अतुल गावंडे, त्यांचे वडील मूळचे महाराष्ट्रातल्या उटी गावचे. त्या यादीत खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे एक कलम आहे. एकदा नाव उच्चारलेला माणूस पुढे शंका बोलून दाखवावयास कचरत नाही! दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे १९९८ पासून या सर्व विद्याशाखांतील बहुतेकांना नाशिकचे एकच आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. परभणीतही २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेव्हा भावी डॉक्टर आणि भावी परिचारिका काही तास तरी एका बाकावर बसावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

त्या तासाला काय शिकवावे? मी मराठीचा मास्तर. मला भाषाच दिसणार! रोगी ओळखण्यासाठी नाव आणि जन्मतारीख विचारावी, असे पुस्तक सांगते. पण आमच्या खेड्यांत शाळेत नाव घालताना सर्रास १ जून ही तारीख लिहीत. एका खोलीत दोन सुमनबाई, आणि दोघींचीही तारीख १ जून! तिथे नोंदणी क्रमांकच ताडून पाहिला पाहिजे. ‘चमचाभर’ म्हणजे पाच मिलिलिटर, हे घरातल्या चमच्याला ठाऊक नसते. मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची. रोज घेतली तर जिवावर बेतते. तेव्हा नुसते ‘समजले का?’ विचारून भागत नाही. आजीबाई मान डोलावतातच. ‘आता तुम्ही मला सांगा, गोळी कोणत्या वारी घ्यायची?’ असे विचारावे. आपल्या जुन्या संथेची रीत हीच: गुरूने म्हणावे, शिष्याने परत म्हणून दाखवावे.

सर्वांत अवघड धडा मात्र निराळाच. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, असे वळण आपण मुलांना घरीच लावतो. तीच मुलगी उद्या परिचारिका होते आणि डॉक्टरांची मात्रा चुकलेली दिसली तरी ओठ मिटून उभी राहते. ‘सर, एकदा पुन्हा पाहता का?’ हे पाच शब्द तिला उच्चारता आले पाहिजेत, आणि ते ऐकून भावी डॉक्टराचे कपाळ आठीविना राहिले पाहिजे. एकीला बोलावयास आणि दुसऱ्याला ऐकावयास एकाच वर्गात शिकविता येते. त्यासाठी यंत्र लागत नाही की मोठा खर्च. लागतो तो एक बाक, आणि थोडा मोकळेपणा.