ससा मरतो, बीळ उरतं
ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या खोऱ्यात १९५० साली सशांची संख्या घटवायला शास्त्रज्ञांनी काही सशांना मुद्दाम मिक्सोमा विषाणूची लागण करून रानात सोडलं. हा विषाणू दक्षिण अमेरिकेतला. तिथल्या सशांच्या अंगावर त्याने एखादी गाठ येते, युरोपीय ससा मात्र पंधरवड्याच्या आत मरतो. कित्येक महिने विशेष काही घडेना. प्रयोग फसला असं वाटू लागलं आणि डिसेंबरात, डासांच्या हंगामात साथ भडकली. डासांच्या सोंडेला चिकटून विषाणू एका सशाकडून दुसऱ्याकडे जात होता. दोनेक वर्षांत सुमारे ६० कोटी सशांचे १० कोटी उरले, असा अंदाज आहे.

इतके ससे आले कुठून? टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी १८५९ मध्ये इंग्लंडहून २४ ससे व्हिक्टोरियातल्या आपल्या इस्टेटीवर मागवले होते. मादी महिन्याभरात विते आणि तिची पिल्लं तीन-चार महिन्यांत वयात येतात. बाकीचा हिशेब वाचकांनी करावा. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात तीन हजार किलोमीटरहून लांब कुंपण घातलं. ते पुरं होण्याआधीच ससे पलीकडे पोचले होते. सरकारी कामाची ही तऱ्हा आपल्याला अनोळखी नाही.

साथीच्याच सुमारास मिल्ड्युरा परिसरात माणसांना मेंदूज्वर होऊ लागला आणि लोकांचा संशय सशांच्या विषाणूवर गेला. तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयन क्लुनिस रॉस या शास्त्रज्ञांनी तो स्वतःलाच टोचून घेतला. तिघांनाही काही झालं नाही. फेनर यांचं मोलाचं काम मात्र त्यानंतरचं. सुरुवातीचा विषाणू शंभरातले नव्याण्णव ससे मारत होता. पण लवकर मेलेल्या सशाच्या फोडांवर डास किती दिवस बसणार? जो विषाणू सशाला आठवडा-दोन आठवडे जास्त जगू देई, तोच पुढे पसरे. म्हणून काही वर्षांत सौम्य वाणांची सरशी झाली. इकडे वाचलेल्या सशांची पिल्लंही चिवट निघाली. उराना तलावाजवळच्या सशांना ठरावीक ताकदीचा विषाणू टोचून पाहिला, तर मृत्यूचं प्रमाण काही वर्षांतच ९० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या खाली आलं होतं. रक्तस्रावी आजाराचा दुसरा विषाणू १९९५ मध्ये वॉर्डांग बेटावरच्या चाचणीतून निसटून मुख्य भूमीवर पोचला. त्यानेही आधी मोठी कत्तल केली, मग त्याचाही जोर काहीसा ओसरला.

माझ्या मते या विषाणूंच्या नाट्यात खरी गोष्ट झाकली जाते, ती बिळाची. आपल्या माळावरचा ससा बीळ खोदत नाही, गवतात दबून बसतो. त्याची पिल्लंही डोळे उघडे घेऊन जन्मतात. युरोपीय सशाची पिल्लं मात्र बिनकेसांची आणि आंधळी असतात. बिळाशिवाय ती जगणं कठीण. टणक जमिनीत नवं बीळ खोदणं जिकिरीचं, म्हणून साथीतून वाचलेले ससे जुन्याच बिळांत परततात. आणि थोडे उरले तरी पुरतात: कोरड्या मुलखात हेक्टरी एकाहून कमी ससे असले, तरी मल्गाच्या झाडांची नवी रोपं वर येत नाहीत.

म्हणून तिथले जाणते शेतकरी क्रम पाळतात. साथीने संख्या घटली की विणीच्या हंगामाआधी विषारी आमिष, मग उरलेल्यांना बिळात हाकलायला कुत्री आणि लगेच ट्रॅक्टर. आपल्याकडचे ऊसवाले वापरतात त्या सबसॉयलरच्या धाटणीचं लांब दात्यांचं अवजार बिळांच्या अख्ख्या जाळ्यावरून, कडेच्या जमिनीसकट, अर्धा मीटर तरी खोल आडवंउभं फिरवतात. पुन्हा कुठे तोंड उघडलं का, ते काही आठवड्यांनी पाहावंच लागतं.

परसबागेत ट्रॅक्टर चालत नाही. तिथे बारीक छिद्रांची, मीटरभर उंच तारेची जाळी लावतात आणि तिचा खालचा वीतभर भाग बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर अंथरतात किंवा मातीखाली दाबतात. ससा कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरायला बसतो आणि पायाखाली जाळीच लागते. चार पावलं मागे सरून तिथून खोदावं, हे त्याला सहसा सुचत नाही.